ट्यूब जरा बंद करा

"ती ट्यूब जरा बंद करता का?"

हे त्या माणसाचं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. नमस्कार नाही, चमत्कार नाही. दिवेलागणीची वेळ, दुकान माझं, दिवा माझा, आणि हा उंच, सावळा माणूस पायरीवर उभा राहून, डोळ्यांवर हात आडवा धरून मला दिवा घालवायला सांगतोय.

"का? उजेडाचं वावडं आहे का?" मी विचारलं.

"डोकं फार दुखतंय हो. उजेड सोसत नाही." मग जरा थांबून म्हणाला, "आणि दोन गोळ्या द्या. तुमच्या हातानं द्या. तुमच्या हाताला गुण आहे, असं चन्नाक्का म्हणाल्या."

मी बटण दाबलं. मागच्या कोपऱ्यात एक पिवळा बल्ब होता, तेवढाच राहिला. त्या मिणमिणत्या उजेडात त्यानं हात खाली घेतला आणि मला त्याचे डोळे दिसले. लाल झालेले, थकलेले, पण शहाणे डोळे होते. चांगल्या माणसाचे असतात तसे.

ही गोष्ट गडहिंग्लजची. मी तेव्हा तेहतीस वर्षांची होते आणि लग्न व्हायचं राहून गेलं होतं. राहून गेलं म्हणजे, कोल्हापुरात डी. फार्मसी करून आले आणि त्याच वर्षी आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. दुकानामागच्या खोलीत त्यांची खाट, मध्ये पडदा, आणि पडद्याच्या अलीकडं मी. एवढाच माझा संसार होता. बघायला येणारे यायचे, पडद्याकडं एकदा बघायचे आणि पोहे खाऊन जायचे.

हाताचा गुण मुळात आप्पांचा. आमच्याकडं लोकांची पक्की समजूत की औषध कंपनीचं असतं, पण लागू पडतं ते देणाऱ्याच्या हातामुळं. आप्पांचा हात पडला तशी ती समजूत वारसाहक्कानं माझ्याकडं आली. मी कितीही सांगितलं की बाबांनो, गुण गोळीत असतो, तरी "ते असू दे, पण तू तुझ्या हातानं दे" म्हणून लोक ओंजळ पुढं करायचे. त्याचा मी एक फायदा करून घेतला. हातानं देते, पण आधी सांगायचं. कुठं दुखतंय, कधीपासून, आधी काय काय घेतलंय, पोटाचा काही त्रास, घरात अजून कुणाची औषधं चालू आहेत? सांगितल्याशिवाय गोळी नाही. गावात म्हणायचे, गिरिजाक्काकडं गोळी घ्यायची म्हणजे चौकीत जबानी द्यायची.

या माणसानं जबानी नीट दिली. नाव विश्राम मोंडकर. पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचं काम. मूळचे मालवणकडचे, नुकतीच बदली झालेली, चन्नाक्कांच्या माडीवर खोली घेतलेली, एकटेच. डोकं अधूनमधून दुखतं. आधी काही घेतलं नाही.

शेवटचं खोटं होतं. पण ते मला पुढं कळलं.

त्यानंतर ते येऊ लागले. आधी आठवड्यातनं एकदा, मग दोनदा, मग एक दिवसाआड. पायरीवर सावली पडली की माझा हात आपोआप ट्यूबच्या बटणाकडं जायचा. रस्त्यानं जाणारे ओरडायचे, "अक्का, लाईट गेली काय?" मी म्हणायची, "हो, तुमच्याकडची पण जाणार आहे, पळा." मोंडकर हसायचे. हसलं की त्यांचं डोकं जास्त ठणकायचं, मग कपाळ दाबत हसायचे.

खोटं कशाला बोलू? मला ते आवडायला लागले. संध्याकाळ झाली की मी वेणी नीट करायची. मिरचीचा हंगाम होता, बाजारात पोत्यांवर पोती ओतली जात होती, सगळं गाव शिंकत होतं, आणि मी मात्र पावडर लावून गल्ल्यावर बसलेली. आप्पा आतनं म्हणायचे, "गिरिजा, आज वास कसला येतोय? नवीन साबण आलाय का दुकानात?" जीभ जड झाली होती त्यांची, पण खोडी गेली नव्हती.

मग एक दिवस चन्नाक्का गुडघ्याचं मलम न्यायला आल्या. चन्नाक्का म्हणजे आमच्या गल्लीतला फुकटचा दवाखाना. स्वतःला जे लागू पडलं ते सगळ्या गल्लीला वाटायच्या.

"आमच्या मोंडकरला पण डोक्याची गोळी मीच दिलो की," त्या कौतुकानं म्हणाल्या. "सकाळी माझ्यातली एक घेतोय, दुपारी ऑफिसजवळच्या दुकानातली, आनि सांजेला तुझ्या हातची. तुझ्याच हातचीनं बरं वाटतंय म्हणतोय."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पेपरातला प्रश्न समोर येऊन उभा राहावा तसं झालं. डोकेदुखीची गोळी रोज रोज घेतली, महिनोन्‌महिने घेतली, की मग ती गोळीच डोकं दुखवायला लागते. गोळीचा असर उतरला की दुखतं, दुखलं की माणूस गोळी घेतो, आणि चक्र चालू राहतं. मी माझ्या हातानं त्या चक्राला गती देत बसले होते आणि वर पावडर लावत होते.

त्या संध्याकाळी मी ट्यूब बंद केली, पण गोळी दिली नाही.

"मोंडकर, बसा," मी म्हटलं आणि काउंटरच्या आतलं लाकडी स्टूल बाहेर सरकवलं. "तुम्ही मला खोटं सांगितलंत."

चोरी पकडलेल्या पोरासारखं त्यांचं तोंड झालं.

मी सगळं समजावून सांगितलं. डॉक्टर हिरेमठांकडं जा, ब्लडप्रेशर बघून घ्या, डोळे तपासा, दुसरं काही नाही ना एवढी खात्री करा. आणि ते हो म्हणाले तर गोळ्या बंद. माझ्या बंद, चन्नाक्कांच्या बंद, सगळ्या बंद.

"मग दुखलं तर?"

"दुखणारच. आधी फार दुखेल. मग हळूहळू कमी होईल."

"बाई, तुम्हाला कल्पना नाही, संध्याकाळी काय होतं ते. नकाशावरची रेघसुद्धा डोळ्यांत टोचते."

"मग संध्याकाळी इथं येऊन बसा," मी म्हटलं. बोलून गेले आणि माझ्याच कानांच्या पाळ्या गरम झाल्या. "अंधारात बसा. आल्याचा चहा देते. पण गोळी मागायची नाही."

डॉक्टरांनीही तेच सांगितलं, आणि मोंडकर येऊन बसायला लागले.

सुरुवातीचे दिवस वाईट गेले. ते भिंतीला डोकं टेकून, ओठ आवळून बसायचे. एकदा उठले आणि हात जोडले मला. "एकच द्या. अर्धी द्या." मागं माझ्या फळीवर गोळ्यांचे डबे रचलेले, आणि समोर मला हवासा वाटणारा माणूस कळवळतोय. पण मी ओला रुमाल त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "खाडीचं सांगा. काल अर्धं राहिलं."

मग ते सांगायचे. खाडीत ओहोटीला उघडी पडणारी वाट, तिच्यावरून आई डोक्यावर टोपली घेऊन कशी जायची, पाणी कुठून भरायला लागतं हे तिला नुसत्या वासानं कसं कळायचं. बोलता बोलता खिशातली पेन्सिल काढून माझ्या खाकी पिशव्यांवर रेघा मारायचे. ही खाडी, हा आमचा माड, ही विहीर. दुसऱ्या दिवशी त्याच पिशवीतनं मी कुणाला तरी खोकल्याचं औषध द्यायची. एक पिशवी मात्र दिली नाही. तिच्यावर माझं दुकान काढलं होतं आणि दारात एक बाई. त्या बाईचं नाक जरा बरं काढलं होतं, खऱ्यापेक्षा.

आप्पा पडद्यामागनं म्हणायचे, "पोरी, गोळी न देता गिऱ्हाईक बसवून ठेवणारं दुकान मी आयुष्यात पहिल्यांदा बघतोय."

"तुम्ही झोपा," मी म्हणायची.

आणि एक दिवस मोंडकर पायरी चढले, माझा हात सवयीनं बटणाकडं गेला, तर ते म्हणाले, "असू दे."

"काय?"

"ट्यूब असू दे. आज दुखत नाहीये."

मी हसले, शाबास म्हटलं, चहा टाकला. पण माझ्याच हातानं बरा केलेला माणूस बरा झाला म्हणून मला रडू येत होतं. कारण आमचं गाव मला माहीत होतं. डोकं दुखतंय म्हणून माणूस बिनलग्नाच्या बाईच्या दुकानात महिनाभर बसला तर लोक गप्प बसतात, दुखणं आहे म्हणतात. दुखणं संपलं की म्हणतात, आता काय? मोंडकरांनाही ते कळत असणार. ते कमी येऊ लागले. आले तरी उभ्याउभ्या, दाढीचं ब्लेड घ्यायला, कधी साबण. स्टूल रिकामं असायचं. देवापुढं दिवा लावताना मी एकदा चक्क मागितलं, देवा, याचं थोडं दुखू दे. अगदी थोडं.

मग तो दिवस आला.

बाजाराचा वार होता. दुपारी एक म्हातारी बाई दुकानात आली. नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकवाच्या जागी नुसतं गोंदण, नाकेली, ताठ. बोलली आणि कळलं, कोकणातली आहे. त्यात नवल काही नव्हतं. आंबोली घाट चढून कोकणातली माणसं मसाल्याची मिरची भरायला आमच्या बाजारात येतातच.

"गुडघो दुकता गे बाय. जोराची गोळी दी."

मी जबानी घेतली. पोटात आग होते का? होते. जेवण वेळेवर? नाही. मग जोराची गोळी नाही म्हटलं, पोट धरून बसाल. मलम दिलं, शेक कसा द्यायचा ते सांगितलं आणि गावातल्या डॉक्टरला एकदा दाखवा म्हणून बजावलं.

"गोळी नको सांगतंस? मगे दुकान कसा चालता तुजा?"

"चालतं की आजी. तुमच्या गुडघ्याइतकंच चालतं."

म्हातारी खळखळून हसली. मग माझा हात धरला, उलटा केला, सुलटा केला, तळव्यावरून अंगठा फिरवला. "ह्या हाताक गुण आसा, असा आयकलंय."

"गुण गोळीत असतो, आजी."

"ता माका सांगू नको," ती म्हणाली. तिनं पडद्याकडं बघितलं. "आत कोण?"

"माझे वडील. अंथरुणाला आहेत."

"तूच बघतंस?"

"मीच."

तिनं मान हलवली, मलम कमरेला खोचलं आणि गेली. मला ती फार आवडली. मिरच्या चांगल्या मिळू देत हिला, असं मनात म्हणून मी कामाला लागले.

संध्याकाळी मोंडकर आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, भांग नीट पाडलेला. बऱ्याच दिवसांनी आले होते. माझा जीव सुपाएवढा झाला. ते सरळ आत आले, स्टुलावर बसले नाहीत, काउंटरसमोर बरोबर ट्यूबखाली येऊन उभे राहिले.

"बाई, डोकं दुखतंय," ते म्हणाले. "एक गोळी द्या."

मी त्यांच्याकडं बघितलं. डोळे टक्क उघडे. ट्यूबचा सगळा उजेड तोंडावर, आणि पापणी हलत नाहीये. माझ्याकडंच बघतायत.

यांचं डोकं दुखत नव्हतं. जगात दुसऱ्या कुणाला कळलं नसतं, मला एका क्षणात कळलं. आणि त्या क्षणी माझं सगळं शिक्षण जागं झालं. सवय लागलेली माणसं अशीच येतात. दुखत नसताना दुखतंय म्हणतात, बरे कपडे घालून येतात, नजर रोखून खोटं बोलतात. मी अशी किती बघितली होती. म्हणजे परत सुरू. ते ओठ आवळून काढलेले दिवस, तो ओला रुमाल, ती खाडी, सगळं मातीत.

"मोंडकर," मी म्हटलं, "लाज वाटत नाही?"

ते दचकले.

"तुमचं डोकं दुखत नाहीये. दुखत असतं तर त्या ट्यूबखाली उभे राहिला असतात? मला फसवताय? अहो, एवढं सोसलंत आणि परत गोळीच्या मागं लागलात? या दुकानात तुम्हाला गोळी मिळणार नाही. आज नाही, उद्या नाही. गोळीसाठी यायचं असेल तर येऊच नका."

एका दमात बोलले. माझा आवाज कापत होता, तो रागानं कापतोय असं मला वाटलं.

मोंडकरांनी एकदा पडद्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "दुखत नाहीये."

तेवढ्यात एक बाई रडतं पोर कडेवर घेऊन आत आली. मोंडकर तिला वाट द्यायला बाजूला झाले, पायरी उतरले आणि गेले.

मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, आज मी एक माणूस वाचवला. जीव तुटत होता, पण मान ताठ होती. दोन-चार दिवसांत येतील, चुकलं म्हणतील, मी थोडं रागावून मग चहा टाकीन. आलं आणून ठेवलं होतं मी.

ते वाळलं. मग चन्नाक्का आल्या.

"मोंडकरची खोली रिकामी झाली बघ. कुणी बरा भाडेकरू असला तर सांग."

"रिकामी? का?"

"बदली झाली की त्याची, रत्नागिरीला. कागद आधीच आलेला. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी आईसंगं सकाळच्या गाडीनं गेला. तुला सांगून गेला न्हाई?"

"आई?"

चन्नाक्का माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. "आगं, तुला बघायलाच तर आलेली म्हातारी. दुपारी तुझ्याकडनं मलम घेऊन आली. पोराला म्हणाली, शानी आसा, बापाला पण घेऊन चला म्हण, आपल्याकडं पडवी आहे. जा, इच्यार जा. म्हणून तर शर्टाला इस्त्री मारून आला न्हवं तो?"

"तो गोळी मागत होता, चन्नाक्का."

"गोळी? खुळी काय? गोळीचं नाव काढलं तर मलाच ओरडायचा. माझी पण बंद केला त्यानं."

मी स्टुलावर बसले. बाहेर रस्त्यावर लोक शिंकत होते.

एका सभ्य, लाजऱ्या माणसाला या दुकानात यायचं एकच कारण ठाऊक होतं, आणि आत येऊन बोलायला सुरुवात करायचं एकच वाक्य. तेच तो बोलला. त्याला वाटलं असेल, बाई विचारतील, कुठं दुखतंय, कधीपासून. नेहमीसारखं. मग सांगता येईल. आणि त्या एकाच दिवशी मी विचारलं नाही.

चन्नाक्का गेल्यावर पडद्यामागनं आप्पांचा आवाज आला. "गिरिजा."

"काय आप्पा?"

"मी ऐकत होतो त्या दिवशी. मला कळलं होतं तो कशाला आलाय. मला वाटलं, तुलाही कळलंय. आणि तू माझ्यासाठी नको म्हणालीस."

मी पडदा बाजूला केला. आप्पांच्या उजव्या डोळ्यातनं पाणी वाहत होतं. मी ते पुसलं.

त्यांच्या ऑफिसातनं मी पत्ता मिळवला. कार्ड घेऊन बसले. काय लिहायचं? बाईमाणसानं काय लिहायचं असतं अशा वेळी, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. खोडलं, फाडलं, परत लिहिलं. शेवटी लिहिलं, 'डोकं कसं आहे?' आणि तेवढंच टाकलं पेटीत.

उत्तर आलं. सुंदर, नकाशावरच्यासारखं अक्षर. 'डोकं बरं आहे. गोळी घेत नाही.' खाली नाव. त्यांनाही कुणी शिकवलेलं नसावं. पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झाल्याचं कानावर आलं. चांगलं झालं, असं मी म्हटलं, आणि एक कुठला तरी भाग माझा खरंच तसं म्हणत होता.

आप्पा गेले. चन्नाक्का गेल्या. ट्यूब जाऊन पांढरेफेक दिवे आले, कॉम्प्युटर आला. लोक आता फोनमध्ये बघून गोळीचं नाव सांगतात, तरी जबानी मी घेतेच. आणि माझा हात अजून चालतो, गुणासकट.

अजूनही संध्याकाळी कुणी येतं, डोकं दुखतंय म्हणतं. मी आधी त्याला दिव्याखाली घेते आणि डोळ्यांकडं बघते. दुखत असेल तर प्रश्न विचारते, लागेल तेवढंच देते, नाहीतर डॉक्टरांकडं धाडते. दुखत नसेल, तर रागवत नाही. स्टूल पुढं सरकवते आणि विचारते, "चहा घेणार का? आल्याचा आहे."

बहुतेक जण बसतात. सुनेचं सांगतात, नोकरीचं सांगतात, कुणी नुसतंच बसून जातं. गोळी न घेता जातात आणि बरं वाटलं म्हणतात. निम्मं गाव त्या स्टुलावर बसून गेलं असेल आतापर्यंत. ज्याच्यासाठी ते बाहेर काढलं होतं, तो तेवढा परत आला नाही. दिवेलागणीला पायरीवर उंच सावली पडली की माझा हात अजून बटणाकडं जातो.